नगर रचना आणि आमची रचना

मुर्री, गोंदिया
रविवार, दुपार

आदरणीय समधीजी रेवारामजी यांना भैयालालचा मनापासून रामराम.

आपली तब्येत, फुलवंताबाईंची कंबर आणि बांधीतला धान, तिन्ही ठीक असावेत. इकडे सर्व खुशाल आहे. खुशाल म्हणजे घरात मी आणि सौ. भागीरथा दोघेच आहोत, आणि भागीरथा माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे शांतता पुष्कळ आहे. चि. भूपेंद्र आणि आपली मुलगी, म्हणजे आमची सून रचना, रोवणीला मदत करायची म्हणून सौंदडला आपल्याकडे आले, त्याला आठवडा होत आला. (आमचा मुलगा मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला आहे. धानाच्या रोपाचे कोणते टोक चिखलात जाते हे त्याला ठाऊक असेल असे मला वाटत नाही. तेव्हा रोवणीचे आपण मनावर घेऊ नये.) त्याने आपल्याला काहीतरी सांगितले असेलच. काय सांगितले असेल याचा मला अंदाज आहे, म्हणून माझी बाजू लिहून पाठवतो. फोनच केला असता, पण आपण स्पीकर चालू करून बोलता हे मला माहीत आहे.

तर सुरुवात अशी झाली. आमच्या घराला लागून जो मोठा पडीक प्लॉट होता, तिथे सात मजल्यांची बिल्डिंग होऊन राहिली आहे. समोर एक भला मोठा बोर्ड लावला आहे, त्यावर बिल्डिंगचे रंगीत चित्र. असे बोर्ड लोक येता-जाता बघतात आणि विसरतात. मी तसा माणूस नाही. मी चष्मा पुसून नीट बघितले, तर बिल्डिंगच्या बाजूला, जिथे आमचे घर आहे, तिथे आमचे घर नव्हते. तिथे हिरवेगार गवत होते आणि गवतावर एक गोरी बाई कुत्र्याला फिरवत होती. मी पावलांनी मापून पाहिले. त्या कुत्र्याचा मागचा पाय येतो तिथे आमची तुळस आहे. आता आपणच सांगा, ज्याचे घर उभे आहे त्याला न विचारता त्याच्या जागेवर कुत्रा कोणी आणला? आतून कोणीतरी हो म्हटल्याशिवाय एवढे गवत उगवत नाही.

त्या दिवसापासून मी बांधकामावर लक्ष ठेवले. सकाळ-संध्याकाळ जाऊन उभा राहू लागलो. (तिथल्या चौकीदाराला वाटले मी फ्लॅट घेणारा आहे. तो मला खुर्ची देतो. ही खुर्चीसुद्धा मला सरळ वाटत नाही.) तिसऱ्या की चौथ्या दिवशी बोर्डाच्या तळाशी बारीक अक्षरे दिसली. लिहिले होते, ‘सुधारित आराखड्यास नगर रचना यांची मंजुरी प्रतीक्षेत’. समधीजी, मी ते दोनदा वाचले. आमच्या घरात रचना एकच आहे. तिची मंजुरी कशाला पाहिजे? नगर हे कोणाचे आडनाव असेल असेही वाटून गेले, पण आपले आडनाव मला माहीत आहे. (नगर रचना हे शहराचे नकाशे पास करणारे सरकारी खाते आहे, हे मला पुढे कळले. खात्याला असे सुनेचे नाव देऊ नये, हे माझे मत अजून कायम आहे.)

आता संशय आला म्हटल्यावर डोळे उघडे ठेवावे लागतात. ठेवले, तर काय दिसले? भूपेंद्र टेप घेऊन अंगण मापून राहिला होता. मी आलो तसा टेप खिशात. रात्री जेवण झाले की गच्चीवर जाऊन हळू आवाजात फोन, त्यात ‘बाबाला आताच सांगू नको’ हे मी स्वतः ऐकले. रचना घराचे कागद कुठे आहेत म्हणून भागीरथेला विचारत होती. मी पोरांच्या खोलीतली गादी उचलून बघितली, तर खाली चिनीमातीच्या भांड्यांची रंगीत चित्रे असलेले एक चोपडे. मी भागीरथेला म्हटले, पोरांनी घर विकले. ती म्हणाली, “तुमचं डोकं विकलं असन कोणी. आधी ते पाहा.”

अशात त्या नगर रचनाच्या कचेरीची नोटीस लागली. बिल्डिंगच्या नकाशात बदल करायचा आहे, तरी आजूबाजूच्या लोकांनी आपल्या हरकती लेखी द्याव्यात, नंतर सुनावणी होईल. इथे माझी जी चूक झाली म्हणतात ती माझी एकट्याची नाही. माझे शिक्षण दुसरीपर्यंत हिंदी शाळेत, चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पुढचे राइस मिलच्या काट्यावर झाले. हरकत नाही असे मी हजार वेळा म्हटले असेल, पण हरकती द्या असे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. म्हणून शेजारच्या लीलाधरला विचारले. तो पक्का हिंदीवाला. तो म्हणाला, “चाचा, हरकत मतलब हरकत. किसने क्या हरकत की, सब लिख डालो. सरकार पहली बार पूछ रही है।” हिंदीत हरकत म्हणजे वाईट चाळे, तेव्हा मला ते पटले. सगळ्या मोहल्ल्याला पटले. कोणी शेजाऱ्याच्या बकऱ्यांच्या हरकती लिहिल्या, कोणी सासूच्या. मी भूपेंद्रच्या लिहिल्या. टेप, गच्ची, फोन, गादी, सगळे आले. शेवटी लिहिले की वरील इसम माझा मुलगा असून त्याच्या हरकतींवर शासनाने नजर ठेवावी.

सुनावणीच्या दिवशी मला वाटले होते की कागद साहेब मनातल्या मनात वाचतील. त्यांनी मोठ्याने वाचला. गुडघ्यांमुळे मला कचेरीचा जिना एकट्याने चढवत नाही म्हणून भूपेंद्रच मला गाडीवर घेऊन आला होता, तो माझ्या मागे उभा. गादीपर्यंत येता येता साहेबांचा आवाज हळू झाला. त्यांनी विचारले, “आजोबा, हरकत म्हणजे आक्षेप. बिल्डिंगवर काय आक्षेप आहे ते सांगा. हे तर तुमच्या घरचं आहे.” लोक हसले. बकरीवाले सगळ्यांत जास्त हसले.

भूपेंद्र हसला नाही. म्हणाला, “काऊन जी बाबा, माह्यावर पाळत ठेवून राहिले होते का? तुमच्या गुडघ्याले खाली बसवत नाही म्हणून घरात खुर्चीचा संडास आन् न्हाणी बांधून राहिलो होतो. आधी सांगतलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं. त्याच्या परवानगीले घराचे कागद लागत होते.” समधीजी, माझ्या संडासाची चर्चा भर कचेरीत झाली. साठ माणसे असतील. एक बाई तर पत्ता विचारत होती की ते भांडे कुठे मिळते.

मी घाईघाईने त्या कुत्र्याचा विषय काढला. बिल्डरकडचा एक पोरगा नकाशे घेऊन बसला होता. तो म्हणाला की गवत, बाई आणि कुत्रा हे कॉम्प्युटरमध्ये तयारच मिळतात, कुठेही लावता येतात, आणि जुने घर चित्रात दिसले की फ्लॅटला गिऱ्हाईक येत नाही. साहेबांनी त्याच्याकडे रागाने बघितले. मग मला विचारले, “मग आजोबा, तुमची आता काय हरकत?”

मी भूपेंद्रकडे बघितले. त्याने मान खाली घातली होती. लहानपणी मार खाल्ल्यावर घालायचा तशी. मला एकच सांगायचे होते की माझ्या पोराने काही वाकडे केलेले नाही. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटले, “काही हरकत नाही साहेब. कोणाचीच काही हरकत नाही.” साहेबांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले, माझी सही घेतली आणि नकाशा पास झाला.

बाहेर आल्यावर कळले की सुधारित नकाशात सगळ्या बाल्कन्या आमच्या अंगणाच्या बाजूला वळवल्या आहेत. अठ्ठावीस बाल्कन्या. आणि मी गेली पन्नास वर्षे त्याच अंगणात, दगडावर बसून, पंचा लावून अंघोळ करतो. मोहल्ल्यातले लोक म्हणतात, भैयालालजींनी बिल्डरकडून काही घेतले असेल, नाहीतर एवढा शंकेखोर माणूस हरकत नाही कसा म्हणेल. म्हणजे आता सगळे माझ्यावर नजर ठेवून आहेत. चौकीदार तेवढा अजून खुर्ची देतो.

भूपेंद्रला मात्र मी कोणासाठी ते बोललो हे समजले नसावे. मला दारात सोडून तो तसाच शोरूमला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोवणी निघाली.

आपण शहाणे आहात, दोन्ही बाजू ऐकून ठरवावे. रचनाला आशीर्वाद सांगावा. तिच्या नावावरून माझा जो गैरसमज झाला तो तिला सांगू नये. फुलवंताबाईंना भागीरथेचा नमस्कार. (तिने सांगितलेला नाही, पण सांगितला असता.)

आपला,
भैयालाल

ता. क. : गवंडी दोनदा येऊन गेला. संडासाचे दार कोणत्या बाजूला काढायचे विचारतो. मी त्याला सांगितले की ज्याने माप घेतले तोच सांगेल. अठ्ठावीस बाल्कन्यांत लोक राहायला यायच्या आत ही न्हाणी झाली पाहिजे.

आणखी एक : वरचे पत्र भागीरथेने वाचले, हे खालचे तिला माहीत नाही. भूपेंद्रला घरी पाठवावे. मी बोलावले असे सांगू नये, गवंड्याने बोलावले म्हणावे. मला रोज सकाळी सौंदडहून येणाऱ्या गाडीच्या वेळेला गोंदिया स्टेशनवर काही ना काही काम असतेच.

शेवटचे : तो आपल्याकडे पोटभर जेवत असेल तर मला कळवू नये. जेवत नसेल तर ताबडतोब कळवावे.