भागाकार उजवीकडे की डोक्यावर

शनिवार पेठ, सातारा
१२ डिसेंबर १९७४

प्रिय शकुंतला,

सप्रेम नमस्कार. कृष्णाकाठच्या हवेत तुझे गुडघे कसे आहेत? (सून रोज तेल चोळते असे लिहिलेस. चोळते, की बाटली दाखवून जाते?) माझी प्रकृती उत्तम आहे, कारण बिघडली तर विचारायला इथे कोणी नाही. पत्र निव्वळ कामाचे आहे, उगाच गहिवरू नकोस.

माझा इंजिनिअर भाचा मधू याने मुलांना गणित शिकवणारे यंत्र केले आहे. म्हणजे लाकडी खोके. वरच्या फळीला भोके. त्यांत आकड्यांच्या खुंट्या बसवून मुलाने भागाकार मांडायचा. बरोबर आकडा बरोबर जागी बसला की हिरवा दिवा, नाहीतर घंटा. मधू गणित माझ्याकडे शिकला, त्यामुळे यंत्राला उत्तर भाज्याच्या डोक्यावरच लागते, जिथे ते देवाने आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी नेमून दिले आहे. (मी इंग्रजी वर्गाला तसेच शिकवत असे; तू मराठी वर्गाला ते उजवीकडे, कंसाबाहेर काढायला लावायचीस. शाळेत खोल्या कमी म्हणून एकाच फळ्याची डावी बाजू माझी, उजवी तुझी, अशी सव्वीस वर्षे. मी काही विसरलेले नाही.)

खोके आम्ही गल्लीतल्या शाळेत नेले. शाळा समितीचे अध्यक्ष सुभेदार लालासाहेब स्वतः पुढे बसले आणि त्यांनी उत्तर उजवीकडे बसवले. अचूक. घंटा झाली. पुन्हा बसवले, पुन्हा घंटा. मधूने ती शाळेच्या घंटेइतकीच दणदणीत बसवली आहे, त्यामुळे तिसऱ्या खेपेला शाळा सुटली असे समजून चारही वर्ग दप्तरे उचलून पळाले.

"आवं बाई, उत्तर बरोबर हाय न्हवं? मग ह्यो डबा बोंबलतोय कशापायी?"

मी म्हटले, उत्तर बरोबर, जागा चूक.

"पलटनीत ह्याच जागी उत्तर काढून आमी रेशन वाटलं. एक जवान उपाशी राहिला न्हाई."

(मला उत्तर सुचले नाही. तू असतीस तर त्यांच्या बाजूने बोलली असतीस, आणि मग मला सुचले असते.)

आता मधू म्हणतो, ज्याच्या पुस्तकात जशी मांडणी, तशी खोक्याने मानायची. बाजूला एक बटण ठेवू. पण उजवीकडच्या भोकांना तारा कशा जोडायच्या, शून्य कुठे द्यायचे, हे सांगणारे कोणीतरी हवे. मी साफ नकार दिला. तेव्हा तुला यावे लागेल. निदान आठवडाभर.

बाकी घरी चार मुली शिकवणीला येतात. भिंतीवर मोठा फळा आहे, पण हात डाव्या अर्ध्यातच फिरतो. मुली विचारतात, बाई, तिकडे का लिहीत नाही? मी सांगते, तिकडे ओल आहे.

तुझी,
उमा

ता. क. मधूने उजवीकडच्या तारा गेल्या आठवड्यातच जोडल्या. कोणी सांगितले ते विचारू नकोस. सव्वीस वर्षे शेजारी उभे राहून माणूस बहिरा होत नाही. लालासाहेबांचा हिरवा दिवा लागला. काम काहीही उरलेले नाही. तरी ये.

आणखी एक. येताना तासगावचे बेदाणे आण, म्हणजे कशाला आलीस असे सुनेने किंवा शेजारणीने विचारले तर सांगायला काही असेल. फळ्याची ओल मी वाळवून ठेवते.