सवलतीचे खडे

२ नोव्हेंबर, रविवार
आजही पप्पांना हरवलं! गो हा काळ्या-पांढऱ्या खड्यांचा पटावरचा खेळ शिकवला त्यांनीच — तुर्भ्याच्या कारखान्यात असताना जपानी साहेबाकडून शिकले होते. कच्च्या खेळाडूने आधीच पटावर काळे खडे मांडून घ्यायचे, ही या खेळातली सवलत. गेल्या दिवाळीपर्यंत आम्ही बरोबरीने खेळायचो. आज वाशीच्या गो खेळणाऱ्या ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "पप्पा, पुढच्या वेळी तुम्ही तीन खडे घ्या." रणजीतकाका फिस्सकन हसले. पप्पा खडे डब्यात भरत बसले. जीभ आवरायला हवी होती.

५ नोव्हेंबर
कॉलेजचा गोवरचा प्रोजेक्ट अडलाय. कधीच न चुकणारा खेळाडू गो खेळणाऱ्या आजच्या तगड्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला किती खडे देईल? तो खेळाडू कुणी पाहिलेला नाही. प्रोग्रॅमला विचाराला जास्त वेळ दिला की तो किती सुधारतो, त्यावरून अंदाज बांधायचा. मी म्हणते दोन — पण छातीठोकपणे नाही. पप्पांना विचारलं, "देव किती खडे देईल?"
"देवाला कशाला मधे आनतेस? बिनचूक खेळ म्हन ना!"
एवढंच. एरवी तासभर वाद घातला असता.

९ नोव्हेंबर, रविवार
पप्पा ग्रुपला आलेच नाहीत. "तू जा. मला कंटाळा आलाय." कंटाळा कसला! मीच मन मोडलं त्यांचं. फार वाईट वाटतंय.

१२ नोव्हेंबर
दोघांच्या डावात एक वर चढला की दुसरा खाली घसरला, हे कळत नाही. म्हणून तर बिनचूक खेळाची पट्टी हवी. आज सहज आमचे फोनवरचे जुने डाव प्रोग्रॅमला तपासायला दिले. मी आहे तिथेच! तसूभर सुधारलेली नाही. पप्पा घसरलेत. आणि चुका सगळ्या पटाच्या डाव्या बाजूला. उजवीकडे ते अजून माझ्यापेक्षा सरस. डावीकडे माझे खडे जणू नव्हतेच! एवढे बेफिकीर ते कधीच नव्हते. आणि मी उगाच शेफारले.

१३ नोव्हेंबर
जेवताना पप्पा मम्मीवर चिडले — "चटनी नाय केली?"
"वाढलीय की ताटात!"
डावीकडची चटणी उजवीकडे येईल असं मी त्यांचं ताट हळूच फिरवलं. "हां, आता वाढलीस," म्हणाले, आणि जेवू लागले.
पप्पांना डावीकडचं दिसत नाहीये. आणि त्यांना ते ठाऊकही नाही.