दुसरा बिल्ला

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे. बाबांचा खोकला तसाच आणि एक्स-रे काढायला मात्र नकार, हे तुझ्या पत्रात वाचून डोक्यात तिडीकच गेली. त्यांना सांग, छातीच्या एका फोटोत जेवढी किरणं असतात, तेवढी आठ-दहा दिवसांत घरबसल्याही अंगावर येतात. लेक दिवसभर लोकांचे एक्स-रे काढते आणि बाप घाबरतो, म्हणजे दिव्याखाली अंधार!

फोटोआधी प्रत्येक बाईला "दिवस गेलेत का?" असं विचारायचा आमचा नियम आहे. काल एकीने हसून उलट विचारलं, "आणि ताई, तुम्हाला?" मी "श्वास रोखा" म्हणाले आणि किरणं अडवणाऱ्या भिंतीआड गेले.

अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला आम्ही छातीवर लावतो. आजपासून मी दुसराही लावते, पोटावर. आमच्या विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "भिंतीआड उभी असतेस, काही होत नाही." मलाही ते ठाऊक आहे. पण मागच्या वेळी पोटातलं गेलं, तेव्हाही ठाऊकच होतं गं.

तू झोपतेस ना नीट?

बाबांना इतक्यात सांगू नकोस. "पोर स्वतःच घाबरलीय," म्हणतील आणि एक्स-रे काढणारच नाहीत.

तुझ्या कुशीत शिरावंसं वाटणारी,
धाकटी