खालचे तीन फूट

सर, तुमच्या भिंतीचे खालचे तीन फूट मी भरले. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा. तुमचाच ब्रश, तुमचीच स्टाईल.

त्याला नऊ वर्षं झाली. वाकोल्यात सोसायटीच्या भिंतीवर तुम्ही वरती जाड काळ्या रेघांची लाल-पिवळी नाचरी माणसं काढायचात आणि खाली तीन फूट नुसता चुना मारून सोडायचात. ड्रॉइंगच्या तासाला मी बाकावर तुमचं टक्कल काढलं, तेव्हा कान पिरगाळत मला तिथेच आणलंत. "बाकावर काय चोरासारखा काढतोस? इथे काढ, सगळ्यांना हसू दे. खालचे तीन फूट पब्लिकचे." आणि हातात ब्रश दिलात, तो परत मागितलाच नाहीत. तिथे रिक्षावाले काढायचे, पोरं काढायची. कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी, जिला सहीपण येत नाही, ती रोज पाटी उतरवली की कोळशाने एक कोंबडा काढायची. जागा भरली की तुम्ही परत चुना मारायचात.

मला वाटलं, सर घरी येतील, खालीपण आपलीच माणसं बघून चक्रावतील, ओरडतील, "गाढवा, हा तुझाच उद्योग ना?" मग मी हसणार. बस, एवढंच होतं. तुम्ही आलाच नाहीत. सोसायटीवाले म्हणाले, सरांचं शेवटचं काम, कोणी हात लावायचा नाय, आणि वरपासून खालपर्यंत जाळी ठोकली. तेराव्याला जाळीला हार घातला. स्टूल धरायला मीच.

परवा मावशीला मस्करीत विचारलं, "काय गं, कोंबडा उडाला काय तुझा?" वांगी निवडता निवडता ती म्हणाली, "सरांनीच भरल्यानी मा सगळा? आमचा नको झाला आसतला त्यांका."

"तसं नसेल गं."

"मग कसा?"

मी पाव किलो वांगी घेतली आणि सटकलो. मला वांगी आवडतपण नाहीत, सर.

तुमचा ब्रश डब्यात आहे, त्यानंतर ओला केला नाही. हा कागदपण त्यातच टाकतो. मावशी थकलीय आता, माझ्याआधी तुमच्याकडे पोचेल. आली की आधी कोंबडा काढायला लावा तिला. पण कोणी भरलं ते सांगू नका. तिला नाही, कोणालाच नाही. पाया पडतो, सर.