पोटच्या पोराची माताजी

तीर्थरूप दादांस,
भिलाईहून कलावतीचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत. वहिनीचे गुडघे कसे आहेत?

तुमचा भाचा हर्षल ध्यानाच्या शिबिरातून परत आला. घरच्या आरतीला यानं कधी टाळी वाजवली नाही. आता क्वार्टरच्या गॅलरीत डोळे मिटून बसतो आणि कुकरची शिटी झाली की तेच डोळे माझ्यावर वटारतो. त्याग म्हणून कारलं सोडलं. दादा, कारलं त्यानं जन्मात कधी खाल्लं होतं?

इथवर मी हसून घेतलं. काल ताट वाढलं तर म्हणतो, "माताजी, थोडंच वाढा."

"कावून रे, आई म्हणतानी तोंड दुखते का?"

"गुरुजींनी नाती सोडाले सांगितलं. आता सगळ्याच बाया माताजी."

सिविक सेंटरचा भाजीवालाही मला माताजीच म्हणतो. तो निदान कोथिंबीर तरी फुकट देतो.

पुढच्या महिन्यात कायमचा आश्रमात जाणार म्हणतो. तुम्ही या. उपदेश करू नका, तो त्याच्याकडे पोतंभर आहे. फक्त त्याच्या तोंडून एकदा आई वदवून घ्या. माताजीचं कोण ऐकते? एकदा आई म्हणाला, की उंबरठा कसा ओलांडतो ते मी पाहते.

तुमची धाकटी,
कला