ठकीचा रिकामा कप्पा

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (बोटीत साष्टांग घालायचा तर पाय ओट्याला लागतात आणि डोकं मोरीत जातं, तेव्हा भावना गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आम्ही तिघं खुशाल आहोत. ठकीला तुझ्याकडे ठेवून शाळेत घालावं, हे तुझं म्हणणं मला पूर्ण पटलं आहे. का पटलं ते सांगतो.

मंगळवारी सकाळी कप्तान (म्हणजे तुझी भावजय, आमच्याकडे हुद्दा आधी, नातं नंतर) छोटी होडी घेऊन किनाऱ्यावर भाजी आणायला गेली. जाताना म्हणाली, "नांगराकडे लक्ष ठेव." मी ठेवलं, म्हणजे त्या दिशेला तोंड करून भांडी घासत राहिलो. आमचा नळ पायाने पंप दाबल्याशिवाय पाणी देत नाही, त्यामुळे भांडी एका पायावर घासावी लागतात आणि माणूस बराचसा बगळ्यासारखा दिसतो. असो. खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या बोटीवरचे निवृत्त दंतवैद्य आमच्याकडे येत होते, बोटीसकट. तीन आठवड्यांत त्यांनी कधी हात हलवला नव्हता. आज दोन्ही हलवत होते. बरं वाटलं. मी चहा टाकला, साखर बेताची (शेवटी दातांचे डॉक्टर). ठकी टेबलाशी भागाकार करत होती. तिनं मान वर केली.

"बाबा, ते येत नाहीयेत. आपण जातोय."

नांगर घसरला होता. पुढचं सगळं तिनं केलं. इंजिन चालू केलं, सुकाणू माझ्या हातात दिलं, "असंच धरून उभा राहा, दुसरं काही करू नकोस" म्हणाली आणि साखळी ओढायला पुढे पळाली. दंतवैद्य हातभर अंतरावर आले तेव्हा मी मोकळ्या हाताने त्यांना कप दिला. त्यांनी घेतला. मग आम्ही लांब गेलो आणि कप तिकडेच राहिला. कप्तान भाजीची पिशवी घेऊन परत आली, तर जागेवर घर नाही. "घर सोडून जाशील असं कधीमधी वाटायचं," ती म्हणाली, "घर घेऊन जाशील असं नव्हतं वाटलं."

तर दहा वर्षांच्या मुलीवर बापाला सांभाळायची वेळ येऊ नये, हे मी जेवताना ठामपणे मांडलं. कप्तान हो म्हणाली. ठकीही, तुझ्याकडे सायकल आहे म्हणून. मग माझ्याकडे बघून ठकीनं विचारलं, "नांगराकडे कोण बघणार?" इथे प्रत्येकाला एकच कप्पा असतो, गुडघ्याएवढा. तिनं आपला रिकामा करून पुसला आणि म्हणाली, यात कांदे ठेवा. पुढच्या महिन्यात तिला आणून सोडतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – तुझ्याकडे ती नळासमोर उभी राहून पाय आपटेल. रागावलेली नसते, पाणी हवं असतं.

ता. क. – टेबलाच्या कडेला ठेवलेला कप ती मध्ये सरकवेल. भाऊजींचाही. त्यांनी मनावर घेऊ नये.

आणखी एक. कप्तान भाजीला गेली आहे तेवढ्यात हे लिहितोय. (नांगराकडे लक्ष आहे.) मी इतक्या ठामपणे बोललो की आता मला माघार घेता येत नाही. तेव्हा यंदा जागा नाही, असं तूच लिही. तुझ्या पाच खोल्या ठकीला ठाऊक आहेत आणि तिचा भागाकार पक्का आहे, म्हणून कारण जरा बरं शोध. सायकल मी इथेच बघतो. कांदे त्या कप्प्यात मावत नाहीत. ठेवून पाहिले नाहीत, पण मावत नाहीत.