ओटीचा खण आणि रोह्याचं मैदान

श्री गजानन प्रसन्न

जोहे, मंगळवार

रोह्याच्या विहीणबाईंना जोह्याच्या पुतळीचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

(सोयरीक मोडल्याचा निरोप पोचला. तरी मी विहीणबाईच म्हणणार. मोडली ती तुमच्याकडून, माझ्याकडून अजून शाबूत आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? एरंडेल चोळता ना? तुमच्या यजमानांची, जनूभाऊंची साखर आणि राग, दोन्ही खाली आलं असेल अशी आशा करते. आमच्याकडे सगळे बरे. आमचा मितेश धड जेवत नाही, एवढंच. तुमच्या प्रतिक्षाचा फोटो मोबाइलवर उघडून बसतो आणि मी आले की क्रिकेटचा स्कोर बघतोय असं दाखवतो. रविवारी मुलगी बघायला आमची माणसं तुमच्याकडे आली, पोहे खाऊन उठली, आणि मुलाची आईच आली नाही म्हणून जनूभाऊंनी 'असलं घर आम्हाला नको' असं तोंडावर सांगितलं. बरोबर बोलले. चूक सगळी माझी. ती कशी झाली ते सविस्तर लिहिते, तेवढं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

मला मैदानांचा नाद आहे. त्यात लपवायचं काय? वर्षभर मी गणपतींचे डोळे आखते. नाकासमोर वीतभर अंतरावर मूर्ती, हातात केसासारखा ब्रश, श्वास रोखलेला. पेणचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बाई, आठवड्यातून एकदा तरी लांबचं बघत जा. आमचे हे म्हणाले, अलिबागला जाऊन समुद्र बघ. अहो, समुद्रात काय बघायचं? कोण जिंकतंय तेच कळत नाही! मग एकदा वडखळला गाडीची वाट बघत उभी होते, तर मागच्या शेतात फुटबॉल चाललेला. भात कापलेलं, मधला बांध सपाट केलेला, गोलाला मांडवाचे बांबू. जी बसले ती बसलेच. तेव्हापासून रविवार उजाडला की प्लास्टिकचं स्टूल आणि छत्री घेऊन मी निघाले. मोठी स्टेडियमं आपल्याला नकोत, तिथे म्हणे खुर्च्यांना नंबर असतात. आपलं मैदान कसं, चेंडू नाल्यात गेला की दोन्ही संघ मिळून काढतात. हमरापूरच्या बाजूला तर कडेला कच्च्या मूर्ती वाळत असतात. चेंडू तिकडे गेला की बूट काढून, हाताने उचलून, नमस्कार करून आणायचा, आणि रेफरीने तोवर गप्प उभं राहायचं. (रंग नाही, डोळे नाहीत, पूजा नाही, मग देव कसला, असं एक पाहुणा संघ म्हणाला होता. त्यांच्यावर गोलावर गोल चढले.)

तर रविवारी आम्ही घरून वेळेवर निघालो. नवी साडी, पेढ्यांचा बॉक्स, आणि पसंती झालीच तर ओटी भरायला नारळ आणि हिरवा खण, सगळं माझ्या पिशवीत. (स्टूल डिकीत होतं. ते असतंच.) रोह्यात शिरलो आणि उजव्या हाताला मैदान. ताज्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या, संघ उतरलेले. मी म्हटलं, गाडी थांबवा, दोनच मिनिटं, तुम्ही पुढे व्हा, मी रिक्षाने येते. आमचे हे काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

दोन मिनिटांत मी उठणारच होते. पण लाइन्समन, म्हणजे कडेने झेंडा दाखवणारा, आलाच नव्हता, त्याच्या घरी हळद. रेफरी मला पेणच्या मैदानांवरून ओळखतो. म्हणाला, 'मावशी, तुम्ही तेवढ्या कडेला उभ्या राहा गो.' झेंडा म्हणाल तर लाइन्समनच्या गाडीच्या डिकीत. मग मी ओटीचा खण काढला. हिरवागार, जरीकाठी, लांबून दिसायला याच्याइतकं चांगलं काही नाही. आणि नेमका रोह्याने गोल मारला तेव्हा मी तो वर केला. ऑफसाइड! (म्हणजे चेंडू मिळायच्या आधीच, समोरचे सगळे मागे टाकून, पुढे जाऊन उभं राहणं. पंगत वाढायच्या आधी लाडवाच्या परातीशी बसण्यासारखं.) अख्खं रोहा माझ्या अंगावर आलं. कोणी म्हणे, 'मावशे, तुला दिसतंय का?' मला! गणपतीची भुवई एका रेघेत काढणाऱ्या बाईला! मी खण खाली केला नाही. शेवटी रेफरीने शांततेसाठी पिशवीतला नारळ फोडला, पेढे मी दोन्ही संघांना वाटले, आणि कालव्याचं पाणी शिरलेल्या कोपऱ्यात माझा पाय घसरून साडी आणि खण दोन्ही चिखलात गेलं.

तुमच्या दारी आले तेव्हा आमची माणसं निघून गेलेली. जनूभाऊ ओट्यावर उभे. 'या' म्हणाले नाहीत. तरी मी पायरीवर स्टूल टाकून बसले आणि ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना मुळापासून सांगितलं. ते आत जायला वळले की मी 'भाऊ, एकच सांगते' म्हणून परत धरून ठेवलं. शेवटी म्हणाले, 'बाई, तुम्हाला लाजबिज हाय का नाय?' मी म्हटलं, 'नाय भाऊ,' आणि कॉर्नर किक सांगायला घेतली. असं वागायला नको होतं. त्यांची मनापासून माफी मागते. मितेश मात्र वडिलांवर गेलाय. कंपनीत शिफ्ट, शिफ्टवरून घर, फुटबॉलचं नाव नाही. आईच्या नादापायी पोराचं लग्न मोडू नका, एवढीच विनंती.

तुमची,
पुतळी कमळाकर म्हात्रे

ता. क.: विहीणबाई, हे पान वेगळं आहे. जनूभाऊंना दाखवू नका. फोनच केला असता, पण तुमचा फोन तेच उचलतात.

सामना मुलींचा होता. वर मुद्दाम लिहिलं नाही. मी नाकारला तो गोल तुमच्या प्रतिक्षाचा. तुम्ही आतून आमच्या माणसांना आधी सांगितलंत पोर केस धुतेय, मग देवळात गेली, मग डोकं दुखतंय. (ओल्या केसांनी देवळात गेल्यावर दुखणारच.) मितेशने हे जसंच्या तसं सांगितलं आणि मी ओळखलं, पोरीचा खेळ तुम्हाला ठाऊक आहे, जनूभाऊंना नाही. पाहुणा संघ उशिरा आला आणि पोर मैदानावर अडकली. मग मी आले नाही हेच निमित्त तुम्ही जनूभाऊंच्या कानात भरलंत आणि त्यांच्याकरवी पाहुणे उठवलेत. काय डोकं चालवलंत! दोष माझ्यावरच राहू द्या. मला सवय आहे. आणि पुढच्या दारी मी जनूभाऊंना उगाच धरून बसले नव्हते. मागच्या दाराने ती बूट हातात घेऊन आत गेली, तिला पाय धुवायला वेळ हवा होता.

गोल गेल्यावर ती माझ्यासमोर उभी राहून भांडली. फोटोवरून मी ओळखलं, तेव्हा सांगितलं, मी मितेशची आई. पोरीचा चेहरा उतरला. वाटलं, आता रडते. तर म्हणाली, 'काकी, पाया पडते, बाबांना नका सांगू. पण मी ऑफसाइड नव्हते.' विहीणबाई, आमच्या घरात माझ्यापुढे तोंड उघडणारं कोणी नाही. हे एकदा चिडले की पुन्हा बोलत नाहीत, मितेश तर बोलतच नाही. डॉक्टरांनी लांबचं बघायला सांगितलं ते खरंच, पण घरात बोलायला माणूस नाही म्हणूनही मी मैदानं हिंडते. मला हीच सून हवी. जनूभाऊंना वळवा, कसंही करा. खेळ बंद होणार नाही, ही आमची अट समजा.

ता. क. दुसरं: कोणीतरी तो सामना मोबाइलवर घेतला होता. काल मितेशने दाखवला. (आता तोही बघतो. एकच सामना, पुन्हा पुन्हा.) मीही चष्मा पुसून पुसून पाहिला. पोर ऑफसाइड नव्हती. हे तिला एवढ्यात सांगू नका. घरात आली की आम्हा दोघींना रोज भांडायला काहीतरी लागेलच ना.